जुन्या गाडीच्या पेट्रोल टाकीची तपासणी आणि निगा : लेप देण्याआधी टाकीत डोकावून पाहा

संथगती (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. जुनी गाडी हाती आली की आपण आधी इंजिनाकडे धावतो, मग रंगाकडे, आणि पेट्रोलच्या टाकीची आठवण गाडी रस्त्यात बंद पडल्यावरच होते. माझेही तसेच झाले. १९५० च्या दशकातली माझी गाडी अकरा वर्षे एका शेडमध्ये उभी होती. इंजिन सुरू झाले, सुरेख चालले आणि साधारण चार किलोमीटरवर गुदमरून बंद पडले. दहा मिनिटे थांबल्यावर पुन्हा सुरू झाले आणि दोन किलोमीटरवर पुन्हा बंद पडले. मी पंप बदलला, कार्ब्युरेटर दोनदा खोलून जेट साफ केले आणि फिल्टर तीन वेळा बदलला. तिसरा फिल्टर मात्र फेकला नाही. तो कापून पांढऱ्या कागदावर झटकला, तेव्हा विटकरी रंगाची मैद्यासारखी बारीक भुकटी पडली आणि तिच्यात काळपट कपचे दिसले. कागदाखालून लोहचुंबक फिरवल्यावर ते कपचे एका रांगेत उभे राहिले. दोष टाकीचा होता आणि मी महिनाभर तिच्या पुढच्या प्रत्येक भागाला दोष देत होतो.

बंद पडून पुन्हा सुरू होण्याचे कारणही तेव्हा उलगडले. पंप पेट्रोल ओढतो तेव्हा तळाचा गाळ शोषनळीच्या जाळीवर येऊन चिकटतो आणि पुरवठा तुटतो. इंजिन थांबले की ओढ संपते, गाळ खाली बसतो आणि जाळी काही काळ मोकळी होते. हे लक्षण दिसले तर कार्ब्युरेटर खोलण्याआधी टाकीकडे वळावे.

तपासणी मी ज्या क्रमाने केली तो लिहितो. सर्वांत आधी गाडी उघड्यावर आणली आणि बॅटरीची ऋण तार काढली. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती जमिनीलगत पसरते, खड्ड्यात साचते आणि दूरच्या ठिणगीपर्यंतही पोहोचते. त्यामुळे बंद गॅरेजमध्ये किंवा गाडीखालच्या खड्ड्यात उतरून टाकी रिकामी करू नये. पेट्रोल प्लास्टिकच्या बादलीत न घेता धातूच्या डब्यात घेतले, डबा आणि टाकी एका तारेने जोडून ठेवली, आणि पेट्रोलच्या आगीला चालणारे कोरड्या पावडरचे अग्निशामक हाताशी ठेवले.

तळाचे बूच उघडल्यावर आलेले पहिले अर्धा लिटर पेट्रोल काचेच्या स्वच्छ बरणीत घेऊन तासभर हलवले नाही. टाकीच्या पोटात काय चालले आहे हे या एका तासात जितके कळते तितके नंतरच्या कशातूनही कळत नाही, असे माझे मत झाले आहे. माझ्या बरणीत तीन थर दिसले. वर गडद, चहाच्या रंगाचे पेट्रोल होते; त्याला पेट्रोलचा तिखट वास नव्हता, जुन्या वॉर्निशसारखा आंबूस वास होता. खाली बोटभर पाणी होते आणि दोहोंमधली सीमा सुरीने कापल्यासारखी स्पष्ट होती. पाण्याच्याही तळाशी गंजाचा साका बसला होता. पाणी दिसले म्हणजे तळाचा पत्रा गंजलेला असणारच, कारण पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने टाकीच्या सर्वांत खोल कोपऱ्यात वर्षानुवर्षे बसून राहते, आणि टाकीला भोक पडते ते बहुतेक वेळा तिथेच.

नंतर टाकी उतरवली. पेट्रोल लिटरमागे साधारण पाऊण किलो भरते, म्हणजे टाकीत पंचवीस लिटर राहिले असेल तर पत्र्याखेरीज अठरा-एकोणीस किलोचे डुचमळणारे वजन हातावर येते. म्हणून टाकी पूर्ण रिकामी करावी, जॅकवर फळी ठेवून तिला आधार द्यावा आणि मगच पट्ट्यांचे बोल्ट सैल करावेत. माझ्या गाडीत पट्टा आणि टाकी यांच्यामध्ये नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, पट्टी होती. तिने अनेक वर्षे पाणी धरून ठेवले होते. पट्टी उचलली तेव्हा तिच्याबरोबर रंगाचे पापुद्रे आले आणि खालचा पत्रा देवीच्या व्रणांसारखा खड्डेखड्डे झालेला दिसला. बाहेरून टाकी पाहताना पट्ट्याखालचा भाग, शिवणीची कड आणि वरच्या बाजूला जिथे चिखल साचतो ती जागा, या तिन्ही ठिकाणी पत्रा खरवडून पाहावा. लाकडी मुठीने हलके ठोकत जावे. धड पत्रा खणखणतो, कुजलेला बदबदतो.

आत पाहण्यासाठी मी सेंडरच्या (टाकीतली पेट्रोलची पातळी गेजच्या काट्याला कळवणाऱ्या भागाच्या) भोकातून लहानसा आरसा आणि विजेरी वापरली, पण टाकी साबणाच्या पाण्याने चार वेळा धुऊन, वास पूर्ण जाईपर्यंत उघडी ठेवल्यावरच. तळाला कपचे होते, बाजूच्या भिंतींवर डिंकासारखा तपकिरी थर होता, आणि छताच्या आतल्या बाजूला, जिथे पेट्रोल कधी टेकत नाही, तिथे सलग गंज होता.

आता प्रश्न असा आहे. अनेकांनी मला टाकीला आतून लेप द्यायला सांगितले आहे. तळाला सुईच्या टोकाएवढी दोन भोके आहेत. लेप द्यावा की डाग द्यावा (म्हणजे झाळणीने भोके बुजवावीत), आणि त्याआधी गंज कसा काढावा, याविषयी अनुभवी मंडळींनी लिहावे.

पत्रेकाम

संथगती, बरणीची पाहणी आपण फार नीट लिहिली आहे. डाग देण्याविषयी बोलण्याआधी एक गोष्ट सर्वांनी मनावर घ्यावी, ही माझी कळकळीची विनंती आहे : भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोक्याची असते. हवेत पेट्रोलच्या वाफेचे प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्के असले की ते मिश्रण ठिणगीने भडकते. भरलेल्या टाकीत पेट्रोलवरच्या थोड्याशा जागेतली वाफ सहसा यापेक्षा कितीतरी दाट असते. रिकाम्या टाकीत मात्र शिवणीत आणि डिंकाच्या थरात मुरलेले चमचाभर पेट्रोल हवेत मिसळून नेमके याच प्रमाणात येऊ शकते. पेट्रोल उणे चाळीस अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ देते, म्हणून थंडी आहे किंवा टाकी वर्षभर कोरडी आहे, या सबबी चालत नाहीत. वास येत नाही म्हणून टाकी सुरक्षित आहे असेही समजू नये, कारण डिंकाच्या थराला उष्णता लागली की त्यातून पुन्हा वाफ सुटते.

त्यामुळे टाकीवर घरी ज्योत लावू नये आणि वेल्डिंग करू नये. ज्यांचे हे रोजचे काम आहे ते टाकी वाफेने तासन्‌तास धुतात, आतली हवा काढून आर्गॉनसारखा निष्क्रिय वायू भरतात किंवा कामाची जागा तेवढी सोडून टाकी पाण्याने भरतात, आणि मगच हत्यार उचलतात. सुईएवढ्या भोकांना वेल्डिंगपेक्षा झाळकाम चांगले, असे मला वाटते. जुन्या टाक्यांचा पत्रा अनेकदा शिसे आणि कथील यांच्या मिश्रधातूने मढवलेला असतो आणि त्यावर डाग सुंदर धरतो. जड तांब्याच्या खारणीने (डाग देण्याच्या तापवलेल्या हत्याराने), ज्योतीशिवाय दिलेला डाग पातळ पत्र्याला वेल्डिंगइतका ताप देत नाही. तोच मुलामा घासताना मात्र शिशाची धूळ उडते, म्हणून कोरडे घासू नये आणि मुखपट्टी व हातमोजे घालावेत. शिसेयुक्त पेट्रोलच्या काळापासून उभ्या असलेल्या टाकीतल्या गाळालाही हेच लागू आहे.

आपल्या दोन भोकांविषयी आणखी एक सांगतो. दिसतात दोन, पण गंज काढल्यावर ती पाच होतील. म्हणून आधी गंज काढा आणि मग मोजा.

जेटखोल

गंज काढण्याच्या पद्धतींपैकी मी तीन वापरल्या आहेत. सुट्टे कपचे आणि पापुद्रे पाडण्यासाठी टाकीत साखळी घालून टाकी गोल फिरवणे ही पहिली. लोक नट-बोल्ट किंवा खडी टाकतात. ते आडपडद्यांमागे (टाकीच्या आतल्या आडव्या पत्र्यांमागे) अडकतात आणि नंतर निघत नाहीत. साखळी एकसंध असते, तिचे एक टोक तोंडाशी तारेने बांधून ठेवले की ओढून काढता येते. पण ज्या टाकीचा पत्रा आधीच झिजला आहे तिच्यात साखळी जपून वापरावी.

दुसरी पद्धत सायट्रिक आम्लाची. एक लिटर कोमट पाण्यात साधारण शंभर ग्रॅम या प्रमाणात द्रावण करून टाकी काठोकाठ भरावी. अर्धवट भरली तर छताचा गंज तसाच राहतो आणि द्रावणाच्या पातळीवर नवी गंजरेघ उमटते. मी दर काही तासांनी टाकी हलवतो आणि सहसा एका दिवसात काम होते. ही पद्धत पोलादी टाकीची आहे. आतला मुलामा शाबूत असेल तर आम्ल घालूच नये. ते मुलाम्यालाही खाते, आणि तिथे फक्त धुणे पुरते. मीठाचे आम्ल, म्हणजे हायड्रोक्लोरिक, माझ्या मते टाकीजवळ आणू नये. ते गंजाबरोबर पत्राही खाते, आणि शिवणीत राहिलेले क्षार पुढे कित्येक महिने आतून गंजवत राहतात.

तिसरी पद्धत विद्युत अपघटनाची. धुण्याच्या सोड्याचे द्रावण, टाकीला ऋण अग्र आणि आत टांगलेल्या लोखंडी सळईला धन अग्र. सळई टाकीला कुठेही टेकू नये आणि ती स्टेनलेस स्टीलची नसावी, कारण तिच्यातून विषारी क्रोमियम द्रावणात उतरते. या क्रियेत हायड्रोजन सुटतो, म्हणून ती उघड्यावरच करावी. सळईला समोर दिसणाऱ्या भागावर परिणाम उत्तम होतो, आडपडद्यांमागे मात्र फारसा होत नाही. माझा कल सायट्रिककडे आहे. ॲल्युमिनियमच्या टाक्या असणाऱ्यांनी सोडा वापरू नये. तो ॲल्युमिनियम खातो.

खरी घाई आम्ल काढल्यानंतर असते. उघडा पडलेला स्वच्छ पत्रा काही मिनिटांत नारिंगी होऊ लागतो. म्हणून आम्ल ओतून काढल्याबरोबर सोड्याच्या सौम्य पाण्याने विसळावे, स्वच्छ पाण्याने धुवावे आणि गरम हवेच्या यंत्राने टाकी कोरडी करावी. गरम हवेआधी टाकीत पेट्रोलचा अंशही नाही, याची खात्री करावी; पत्रेकाम यांनी सांगितल्याप्रमाणे नुसत्या वासावर विसंबू नये. कोरडी झाल्यावर थंड होऊ द्यावी आणि त्याच दिवशी थोडे तेल मिसळलेले पेट्रोल आत फिरवून घ्यावे.

चौथा गिअर

लेपाविषयी माझा अनुभव लिहितो, कारण मी तो घाईने दिला आणि त्याची किंमत मोजली. एका कार्यशाळेने टाकी नीट न सुकवता, आतला डिंक न काढता दोन भागांचा इपॉक्सी लेप ओतून दिला. वर्ष-दीड वर्ष सगळे ठीक चालले. मग गाडी चढावर अडू लागली. टाकी उघडली तेव्हा लेप केळीच्या सोपटासारखा लांब पापुद्र्यांनी सुटला होता. त्यातला तळहाताएवढा तुकडा शोषनळीच्या तोंडावर बसत होता आणि उतारावर बाजूला सरत होता. तो लेप काढायला गंज काढण्याच्या तिप्पट वेळ गेला.

असे असूनही मी लेपाच्या विरोधात नाही. ज्या गाडीची टाकी नवी मिळतच नाही आणि पत्रा सगळीकडे पातळ झाला आहे, तिथे चांगला लेपच टाकी वाचवतो. मात्र लेप दिल्यावर परतीचा रस्ता कठीण असतो. लेपाखाली डाग देता येत नाही आणि पत्र्याची खरी अवस्था पुन्हा दिसत नाही. शिवाय काही जुने लेप इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये मऊ पडून विरघळतात. आधीच्या मालकाने लेप दिलेला असेल तर तो कुठल्या प्रकारचा आहे, हे आधी शोधावे.

संथगती

आपणा तिघांचेही मनापासून आभार. पत्रेकाम यांचे भाकीत खरे ठरले : सायट्रिकनंतर दोनाची चार भोके झाली. गळतीची चाचणी कशी केली ते नोंदवून ठेवतो, कारण यात मी चूक करता करता वाचलो. सगळी तोंडे बंद करून टाकीला कॉम्प्रेसरची नळी लावणार होतो. तेवढ्यात कागदावर हिशेब केला. टाकीचा तळ ६० बाय ४० सेंटिमीटरचा सपाट पत्रा आहे. आतला दाब फक्त ०.१ बार असला तरी त्या पत्र्यावर जवळपास २४५ किलोंचा जोर येतो. १ बारला तो अडीच टनांच्या घरात जातो. टाकी फुगून शिवणीतच उलली असती. म्हणून सायकलचा हातपंप आणि कमी दाब मोजणारे मापक घेतले, ०.१ बारच्या वर गेलो नाही, आणि शिवणींवर साबणाचा फेस ब्रशने लावला. तीन भोकांवर लगेच बुडबुडे आले. चौथे शिवणीच्या आत होते. तिथे फेस नुसता हळूहळू घट्ट होत गेला, एकच मोठा बुडबुडा मिनिटभराने उभा राहिला. घाई केली असती तर तो दिसला नसता.

टाकी झाळकाम करणाऱ्या कारागिराकडे दिली आहे. लेप देणार नाही, कारण भोके एकाच कोपऱ्यात आहेत आणि बाकीचा पत्रा धड आहे.

काटेकोर

टाकी उतरवलीच आहे तर सेंडर तपासून घ्या. त्यासाठी ती पुन्हा उतरवणे जिवावर येते. सेंडरची कडी पोलादी छिन्नीने ठोकू नये, ठिणगी उडू शकते. पितळी पट्टी आणि लाकडी हातोडी घ्यावी. जुन्या गाड्यांतला तरंगक कधी बुचाच्या लाकडाचा, वर लाखेचे रोगण दिलेला असतो. हे रोगण अल्कोहोलमध्ये विरघळते, म्हणून इथेनॉलमिश्रित पेट्रोल भरल्यावर असा तरंगक पेट्रोल पिऊन जड होतो आणि टाकी भरलेली असताना काटा खाली राहतो. पितळी तरंगक कानाशी धरून हलवावा. आत पेट्रोल खळखळले तर त्याला भोक आहे. ते शोधण्यासाठी तरंगक गरम पाण्यात बुडवावा. बुडबुडा जिथून येईल तिथे भोक. आतले पेट्रोल पूर्ण काढल्याशिवाय त्यावर डाग देऊ नये.

सेंडरच्या दोन टोकांना ओहममापक लावून दांडी सावकाश वरखाली करावी. आकडा सलग बदलला पाहिजे. मध्येच उडी मारली तर आतली तार झिजली आहे. हा आकडा गाडीगणिक वेगळा असतो. जनरल मोटर्सच्या अनेक गाड्यांत तो रिकाम्याला शून्य आणि भरलेल्याला ९० ओहम असतो, तर फोर्डच्या अनेक जुन्या गाड्यांत क्रम उलटा, रिकाम्याला साधारण ७३ आणि भरलेल्याला १० असतो. म्हणून दुसऱ्या गाडीचा सेंडर बसतो म्हणून बसवू नये.

आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. टाकीला बाहेरून नवा रंग दिला आणि पट्ट्याखाली रबर घातले की टाकीचा गाडीच्या सांगाड्याशी असलेला विद्युतसंपर्क तुटतो. काटा मग खोटे बोलू लागतो आणि लोक गेज बदलतात. सेंडरच्या स्क्रूपासून सांगाड्यापर्यंत वेगळी तार ओढली की प्रश्न मिटतो.

नवखा

मी इथे नवीन आहे. माझ्या गाडीचे झाकण उघडताना फुस्स असा मोठा आवाज येतो आणि हवा आत ओढली जाते. लांबच्या प्रवासात गाडी तासाभराने दम सोडते. झाकण उघडून लावले की पुन्हा नीट चालते. टाकीचाच दोष समजावा का?

पत्रेकाम

टाकीचा नव्हे, तिच्या श्वासाचा. जितके पेट्रोल बाहेर जाते तितकी हवा आत यावी लागते, आणि त्या काळच्या बहुतेक गाड्यांत ती झाकणातल्या छिद्रातून येते. ते तुंबले की आत पोकळी तयार होते आणि पंप हरतो. काही टाक्या तर आत चेपल्याही गेल्या आहेत. झाकण काढून छिद्र तारेने मोकळे करा. कुणी छिद्र नसलेले नव्या पद्धतीचे झाकण बसवले असेल तर मूळ प्रकारचे शोधा.

अशी लक्षणे टाकी कुठे आहे यावरूनही बदलतात. १९२८ ते १९३१ च्या फोर्ड मॉडेल एमध्ये टाकी समोरच्या काचेच्या पुढे उंचावर असते आणि पेट्रोल आपल्या वजनानेच उतरते. तिथे पंपच नसल्याने तुंबलेल्या छिद्राचा परिणाम लवकर दिसतो. मॉडेल टीमध्ये बहुतेक वर्षे टाकी पुढच्या आसनाखाली होती, आणि पेट्रोल कमी असताना तीव्र चढ उलट्या गिअरमध्ये चढावा लागे, इतका हा उंचीचा खेळ असे. पहिल्या पिढीच्या मस्टँगमध्ये टाकीचा वरचा पत्राच डिकीचा तळ असतो, म्हणून तिथे सेंडरचे वा गळ्याचे रबर सैल झाले तर वास थेट गाडीत येतो.

नवखा, आपली गाडी टाकी निम्मी झाल्यावरच अडत असेल तर आणखी एक शक्यता तपासा. शोषनळीला वरच्या भागात बारीक भोक पडले असेल, तर पेट्रोलची पातळी भोकाच्या वर असेपर्यंत सगळे ठीक चालते आणि पातळी खाली गेली की नळी हवा ओढू लागते. हा दोष झाकणाने बरा होत नाही.

जेटखोल

गाडी उभी ठेवण्याविषयी थोडे लिहितो. अर्धी टाकी ठेवणे सर्वांत वाईट, कारण दिवसरात्रीच्या तापमानबदलाने ओलसर हवा आतबाहेर होते आणि उघड्या पत्र्यावर दव धरते. काही महिनेच उभी ठेवायची असेल तर मी ताजे पेट्रोल आणि पेट्रोल टिकवणारे द्रव्य घालून टाकी जवळजवळ भरतो. काठोकाठ नव्हे. पन्नास लिटर पेट्रोल वीस अंशांनी तापले तर ते जवळपास एक लिटरने फुगते आणि त्याला जागा लागते. वर्षाहून जास्त उभी राहणार असेल तर टाकी पूर्ण रिकामी व कोरडी करून आत तेलाचा हात फिरवतो.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलाची वेगळी काळजी घ्यावी लागते. दहा टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल नेहमीच्या तापमानाला साधारण अर्धा टक्का पाणी पोटात घेते, म्हणजे पन्नास लिटरमध्ये पाव लिटर. त्यापुढे पाणी आणि अल्कोहोल मिळून तळाशी वेगळा थर करतात, आणि शोषनळी नेमका तोच ओढते. पेट्रोलमध्ये अल्कोहोल आहे का ते घरी पाहता येते. उभ्या काचनळीत थोडे पाणी घालून रेघ मारावी, वर पेट्रोल ओतावे, तोंड बंद करून हलवावे आणि स्थिर होऊ द्यावे. पाण्याची पातळी रेघेच्या वर चढली तर तेवढे अल्कोहोल पाण्यात उतरले आहे. रबरी नळ्याही अशा पेट्रोलला टिकणाऱ्या हव्यात. नळीवर जे ३० आर ९ (J30R9) अशी खूण पाहावी. जुनी नळी वाकवून पाहावी, भेगा बाहेरून दिसत नसल्या तरी वाकवल्यावर उघडतात.

काढलेले जुने पेट्रोल गटारात किंवा मातीत ओतू नये. झाकणबंद धातूच्या डब्यात ठेवून धोकादायक कचरा स्वीकारणाऱ्यांकडे द्यावे.

संथगती

टाकी परत आली, चारही डाग उत्तम धरले आहेत. पुन्हा हातपंपाने ०.१ बार भरून अर्धा तास ठेवले, काटा हलला नाही. नमद्याऐवजी पट्ट्याखाली पेट्रोलला दाद न देणारे रबर घातले आणि काटेकोर यांच्या सांगण्याप्रमाणे सेंडरपासून सांगाड्यापर्यंत तार ओढली. पंपाच्या काचवाटीत काय साचते ते पाहत मी पहिले सहाशे किलोमीटर चालवले. पहिल्या शंभरात चिमूटभर विटकरी भुकटी आली, पुढच्या दोनशेत नखाच्या टोकावर मावेल इतकी, आणि काल वाटी उतरवली तेव्हा तळाची कोरलेली अक्षरे स्वच्छ वाचता येत होती. फिल्टर एकदाच बदलला. दर हजार किलोमीटरला तळाचे बूच सैल करून एक पेला पेट्रोल बरणीत घेण्याचे ठरवले आहे, आणि ती बरणी आता गाडीच्या हत्यारांच्या पेटीतच ठेवली आहे.